एका टर्मला किती विषय?

संपादकांनी फोनवर प्रेमानं बजावलं होतं, की बावीस वर्षं खिडकीवर बसलात, गमतीजमती पुष्कळ असतील, त्या लिहा. आहेत गमतीजमती. दोन-तीन सांगतोही. पण लिहायला बसलो की हात एकाच गोष्टीकडे वळतो, आणि ती गमतीची नाही. तेव्हा अंकात हसायला काही कमी पडलं तर दोष माझा.

इथे परदेशात, स्कारबरोमधल्या एका कॉलेजच्या विद्यार्थी-मदत कार्यालयात मी काम करत होतो. शिकणाऱ्याला इथलं सरकार मदत देतं, काही अनुदान म्हणून, काही कर्ज म्हणून. ती कोणाला बसते, कोणाला बसत नाही, हे कागदपत्रं पाहून सांगायचं, एवढंच माझं काम. पैसे माझे नव्हते आणि नियमही माझे नव्हते. तरी मिळाले की लोक मला आशीर्वाद द्यायचे आणि नाही मिळाले की माझ्याकडे असे बघायचे, जणू मीच ते खिशात घातलेत.

या धंद्याची गोम एका आकड्यात आहे. पूर्ण टर्म म्हणजे पाच विषय. त्यातले तीन किंवा जास्त घेतले तर तुम्ही पूर्णवेळ विद्यार्थी, दोन किंवा एक घेतला तर अर्धवेळ. पूर्णवेळवाल्याची मदत मोठी, पण तिला मर्यादा आहेत. आयुष्यात ठरावीक आठवडेच ती मिळते, आणि दोन वर्षांचा कोर्स फार तर तीन वर्षांत संपवावा लागतो. अर्धवेळवाल्याचा दरवाजा वेगळा आणि मदतही बेताची. आता कोणी आधी अर्धवेळ शिकत होता आणि नंतर त्याला पूर्णवेळ व्हायचं असेल, तर त्याची मागची वर्षं धरायची का? मदत न घेता एकेक विषय करत राहिला असेल, तर नाही धरायची. त्याचा एकही आठवडा खर्ची पडलेला नसतो. तो माणूस आमच्या हिशेबी कोराच असतो. लोकांना हे माहीत नसतं. मला होतं, हे ध्यानात ठेवा.

आपली मंडळी खिडकीवर सहसा येत नसत. ती घरी येत. ब्रॅम्पटनहून एक नाशिकचे ट्रकवाले गृहस्थ पेढे घेऊन आले होते. तीन विषय घेतलेले, त्यातला एक जड गेला म्हणून आठव्या आठवड्यात सोडून दिला. म्हणाले, "नंतर देतो ना सर, एटीकेटी असते तसं." तिनाचे दोन झाले आणि गृहस्थ एका सकाळीत पूर्णवेळचे अर्धवेळ झाले, हे त्यांना पटवून देईपर्यंत बायकोनं दोनदा चहा केला. दुसऱ्या एक बाई साध्या पत्त्याच्या पुराव्यासाठी साक्षांकित झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन आल्या होत्या. त्यात दहावीचं मार्कशीट होतं, डोमिसाइल होतं आणि मुलाच्या लसीकरणाचं कार्डसुद्धा. मी विचारलं, हे कशाला? तर म्हणाल्या, असू द्या, ऐनवेळी मागतात.

आपल्या लोकांची आणखी एक सवय. आपण शिक्षण वर्षांत मोजतो. मी सेकंड इयरला आहे, माझं एक वर्ष वाया गेलं, तिला पाच वर्षं लागली. तिकडे वर्ष हेच माप होतं, कारण वर्षाला विषय ठरलेलेच असायचे. इथे वर्षाला काहीच अर्थ नाही. वर्षात कोणी दहा विषय करतो, कोणी एक. म्हणून कार्यालयात नवा माणूस लागला की मी त्याला पहिल्याच दिवशी सांगायचो, वर्षं विचारू नका, विषय विचारा. माझ्या मॉनिटरच्या कडेला पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती, 'एका टर्मला किती विषय?' आमची प्रमुख मार्शा, मूळची जमैकाची, तिला ती देवनागरीतली चिठ्ठी फार आवडायची. नव्या लोकांना ती म्हणायची, या बाबाकडून आधी ते विचारायला शिका.

तर त्या चिठ्ठीचा मालक काय करून बसला, ते आता सांगतो.

स्कारबरोत आंबेडकरी मंडळींची एक संस्था आहे. बहुतेक जण नागपूर-अमरावतीकडचे, नोकरदार, कामाला चोख. एप्रिलमध्ये जयंतीच्या कार्यक्रमात त्यांनी मला बोलावलं. विषय होता, शिक्षणासाठी मिळणारी सरकारी मदत. कम्युनिटी सेंटरचा हॉल भरला होता. मी पाऊण तास बोललो, लोकांनी टिपणं घेतली, मला बुके दिला. बोलणं चांगलं झालं होतं आणि मी खुशीत होतो. शेवटी मी म्हणालोसुद्धा, की कोणाला काही शंका असेल तर बिनदिक्कत विचारा, मी आपलाच माणूस आहे.

चहाच्या टेबलापाशी एक बाई आल्या. पन्नाशीला टेकलेल्या, निळी साडी, वरून हिवाळी जॅकेट. नाव सुनंदा. उमरेडजवळच्या शाळेत शिक्षिका होत्या, इथे वेअरहाउसमध्ये पॅकिंग करत होत्या. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा त्यांनी सांगितलं ते एवढंच :

"सर, मी सहा वर्षं झाली डिप्लोमा करून राहिली. अर्ली चाइल्डहुडचा. आहे दोनच वर्षांचा. आता जॉब सोडून फुलटाइम करायचं म्हणते, प्लेसमेंट, बालवाडीत शिकवायची, दिवसाची असते न. मला मदत मिळेल काय?"

माझ्या एका हातात बुके होता, दुसऱ्या हातात समोशाची प्लेट. मी म्हणालो, "दोन वर्षांच्या कोर्सला सहा वर्षं? मग नाही मिळणार. तीन वर्षांपर्यंतच देतात."

त्या म्हणाल्या, "अप्लाय करून पाहू काय तरी?"

आणि मी म्हणालो, "नका करू. नकार आला की तो रेकॉर्डवर राहतो."

हे धादांत खोटं होतं. नकार कोणाच्या नावावर चिकटून राहत नाही. दर टर्मला शेकडो नकार जातात आणि तीच माणसं पुढच्या टर्मला पुन्हा अर्ज करतात. मी ते का बोललो? समोसा गार होत होता, मागे आणखी दोघं-तिघं उभे होते, आणि ठामपणे काही सांगितलं की आपण जाणकार दिसतो. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. त्यांनी 'थँक्यू सर' म्हटलं आणि मी समोसा संपवल्यावर रिकामी प्लेट माझ्या हातातून घेऊन गेल्या.

इथवर घाई आणि बढाई. तेवढ्यावर थांबता आलं असतं तर हा लेख मी कदाचित थोडा हसत लिहिला असता. पण आणखी एक गोष्ट आहे, आणि ती सांगायची नसेल तर बाकीचं सांगण्यात अर्थ नाही.

'सहा वर्षं' हे शब्द ऐकल्याबरोबर माझ्या डोक्यात त्या बाई नापास होत होत्या. एकेक विषय करत असतील, हे मनात आलंच नाही. नापास होत असतील, असंच आलं. आमच्या पुण्याच्या घरात, मी लहान असताना, जेवताना एक वाक्य सहज बोललं जायचं. 'त्यांचं बरं आहे, नापास झाले तरी सवलत असतेच.' 'ते' म्हणजे कोण, हे आम्हा मुलांना न सांगताच कळायचं. ते वाक्य मी कधी उच्चारलं नाही. ते चूक आहे, यावर कॉलेजात असताना वादही घातले. देश सोडताना ते तिकडेच राहिलं, अशी माझी समजूत होती. पण त्या हॉलमध्ये, त्याच लोकांनी दिलेला बुके हातात असताना, ते वाक्य माझ्या आत जागं झालं आणि त्यानं माझ्या वतीनं उत्तर देऊन टाकलं.

हे कशावरून, असं कोणी विचारेल. माझ्याकडे पुरावा आहे. त्याच महिन्यात आमच्या मित्राच्या मुलाचा, केदारचा फोन आला होता. 'काका, माझी पाच वर्षं झालीत, आता मला फायनान्शियल एड मिळेल का?' मी त्याला तासभर प्रश्न विचारले. कोणत्या टर्मला किती विषय, मध्ये गॅप किती, कोणता विषय कधी सोडला. वही घेऊन त्याचा तक्ता मांडला. केदार खरोखरच दोनदा नापास झालेला होता, पण माझ्या डोक्यात तो आधी हुशार मुलगा होता आणि मग अडचणीत आलेला. आपला तो बाब्या. ही तुलना मी स्वतः केलेली नाही. पुढे सगळं उघड झाल्यावर माझ्या बायकोनं, मेधानं, भाजी निवडता निवडता ती केली. "केदारला तर तू तासभर विचारत होतास," एवढंच ती म्हणाली. मी उठून बाहेर गेलो आणि बर्फ उपसून साफ केलेलाच ड्राइव्हवे पुन्हा शोव्हल केला.

उघड झालं ते तीन वर्षांनी. एका सकाळी मार्शा एक फाइल घेऊन माझ्या टेबलाशी आली. अर्ध्या वयाच्या मुलांमध्ये एका बाईनं अर्ज केलाय, म्हणाली, आणि ही बघ तिची गुणपत्रिका. मी पाहिली. सहा वर्षं, दर टर्मला एक विषय, बारा विषय. बाराही विषयांत ए. एकदाही मदत घेतलेली नाही, एकही आठवडा खर्ची नाही. मग तीन वर्षं काहीच नाही. उरलेल्या विषयांना दिवसाची प्लेसमेंट जोडलेली होती आणि ते अर्धवेळ करता येत नव्हते. वेअरहाउसची नोकरी सोडल्याशिवाय ते होणार नव्हते आणि मदतीशिवाय नोकरी सोडता येत नव्हती. वर नाव होतं, सुनंदा.

मदतीला ती नऊ वर्षांपूर्वी पात्र होती, तीन वर्षांपूर्वी पात्र होती आणि आजही होती. त्यात काही अडचण नव्हती. अडचण दुसरीच निघाली. आमच्या कॉलेजात सात वर्षांपेक्षा जुना विषय शिळा धरतात, तो पुन्हा करावा लागतो. तिनं माझ्या भाषणाच्या वर्षी अर्ज केला असता, तर एकही विषय शिळा झाला नसता. आता पहिल्या दोन वर्षांतले चार विषय गेले होते. दिवसभर उभं राहून खोकी बंद केल्यावर, शेवटच्या बसनं घरी जाऊन केलेले ते चार विषय.

फाइलमध्ये खिडकीवरच्या मुलीनं टीप लिहिली होती. विद्यार्थिनीच्या म्हणण्यानुसार, कार्यालयातल्या कोणीतरी तिला पूर्वी तोंडी सांगितलं होतं, की ती पात्र नाही आणि अर्ज केला तर नकार रेकॉर्डवर राहील. कोणी सांगितलं, ते तिला आठवत नाही.

मार्शा वैतागली होती. "हू टेल्स पीपल दिस?" तिनं विचारलं. ती मला विचारत नव्हती, माझ्यासमोर विचारत होती. मी मान हलवली, म्हणजे कमालच आहे लोकांची, अशी. पिवळी चिठ्ठी माझ्या उजव्या हाताला होती.

मदत मंजूर करायला मला दहा मिनिटं लागली. शिळ्या विषयांसाठी मात्र समितीकडे विनंती करावी लागते, आणि चूक कॉलेजच्या माणसाकडून झाली असेल तर समिती सहसा सूट देते. त्यासाठी त्या माणसानं तसं लिहून द्यावं लागतं. मार्शानं ते पत्र तयार करायचं काम माझ्याकडेच दिलं, कारण असली पत्रं मी चांगली लिहितो असा माझा लौकिक होता.

मी पत्र लिहिलं. चांगलं लिहिलं. बाईंचे गुण, त्यांची चिकाटी, शिक्षिकेचा अनुभव, सगळं आलं. 'विद्यार्थिनीचा गैरसमज झाला असण्याची शक्यता आहे,' असंही त्यात होतं. सल्ला देणाऱ्याचं नाव लिहायची जागा होती, ती मी मोकळी सोडली. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. कोणी माझं पेन्शन काढून घेणार नव्हतं, मला घरी बसवणार नव्हतं. फार तर मार्शानं माझ्याकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं असतं. तेवढ्यासाठी मी दुसऱ्याच्या पदरात 'गैरसमज' घातला आणि खाली सही केली.

समितीनं दोन विषय माफ केले, दोन नाही. कारण दिलं होतं, चुकीचा सल्ला दिल्याची पुष्टी होत नाही.

निकालाचं पत्र घ्यायला सुनंदाताई खिडकीवर आल्या. खिडकीवर मीच होतो. तीन वर्षांत त्यांचे केस बरेच पांढरे झाले होते. मी ओळख दिली. मग आवाज खाली आणून म्हणालो, की माझी चूक झाली, त्या दिवशी मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. हे मी मराठीत म्हणालो, म्हणजे शेजारच्या खिडकीला कळणार नाही असं. तेवढी काळजी तेव्हाही घेतली.

त्यांनी पत्र वाचलं, घडी घातली. "कमिटीला तुम्ही तुमचं नाव लिहून दिलं काय?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणालो.

"मी पण नाही दिलं," त्या म्हणाल्या. "मला नाव लक्षात होतं. पण आम्ही तुम्हाला बुके दिला होता न, सर. पाहुण्याचं नाव कसं लिहायचं?"

मागे रांग होती. त्या निघता निघता थांबल्या आणि जणू स्वतःचीच चूक शोधत असल्यासारखं म्हणाल्या, "एकेक विषय करून राहिली म्हणून मी सांगायला पाहिजे होतं. इंग्लिशमध्ये बोलले असते तर सगळं सांगितलं असतं. मराठीत बोलून राहिलो होतो, तर मला वाटलं, तुम्हाला समजलं."

त्या रात्री मी ठरवलं, की सकाळी मार्शाला सगळं सांगायचं. सकाळी ती सुट्टीवर होती. मग सोमवारी सांगू म्हटलं. सोमवार बरेच आले आणि गेले. समितीकडे फेरविनंतीची मुदत साठ दिवसांची असते, हे मला पाठ होतं. एकसष्टाव्या दिवशी मला हलकं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाज अजून गेलेली नाही. चूक माझ्याकडून एकदा झाली. पुढचे साठ दिवस मी रोज चहा पिताना जे पुन्हा पुन्हा केलं, त्याला चूक म्हणत नाहीत. सुनंदाताईंनी त्या वेळात ते दोन विषय पुन्हा घेतले होते, पहिल्या पानापासून.

निवृत्तीला चार महिने राहिले असतानाची गोष्ट. खिडकीवर एक मुलगी आली. पंचविशीची, नवीन आलेली, अंगावर इथल्या थंडीला न पुरणारं जॅकेट. हातात एक कागद, चार घड्या पडलेला. तो तिनं काउंटरवर उघडला आणि सरळ केला. माझ्या बाजूनं तो उलटा होता, पण अक्षर मोठं आणि शिक्षिकेचं होतं, फळ्यावर लिहिल्यासारखं, झेरॉक्स केलेलं. मी वाचला.

'१. वर्षं सांगू नका, विषय सांगा.
२. अपॉइंटमेंट घ्या. कार्यक्रमात, चहा पिताना विचारू नका.
३. नाही म्हटलं तर लेखी मागा. अर्ज करायला घाबरू नका, नकार चिकटत नाही.
४. खिडकीवर मराठी माणूस असला तर इंग्लिशमध्ये बोला.'

मी तिला विचारलं, इंग्रजीतच, की हा कागद कुठे मिळाला. तिनं सांगितलं, त्यांच्या संस्थेत शनिवारी एक आंटी बसतात, सगळ्यांचे फॉर्म भरून देतात. शी इज डुइंग हर प्लेसमेंट नाउ, मुलगी म्हणाली, इन एप्रिल शी विल बी डन. सांगताना तिचा चेहरा उजळला होता. त्या आंटींनी कागदावर माझं नाव मात्र कुठे लिहिलं नव्हतं.

मग तिची नजर माझ्या नावाच्या पाटीवर गेली. तिनं पाटी वाचली, कागदाकडे पाहिलं, चौथ्या ओळीवर बोट ठेवलं आणि घसा साफ केला. अमरावतीकडचा तो हेल मी कुठेही ओळखला असता. मला फार वाटलं, की म्हणावं, बाळ, मराठीत बोल.

"सर," ती म्हणाली, "आय वॉज स्टडिंग पार्ट-टाइम बिफोर. नाउ आय वॉन्ट टू गो फुल-टाइम. विल दॅट बी अ प्रॉब्लेम?"

मी कीबोर्डवरचे हात काढले, खुर्ची पुढे ओढली आणि तिला इंग्रजीत विचारलं, "हाउ मेनी कोर्सेस पर टर्म?"